नमस्कार नसलेला काता

धुळ्याच्या देवपुरातल्या शाळेच्या हॉलमधले दिवे मालवण्याआधी आमचे कराटेचे सर रिकाम्या फरशीकडे बघून म्हणायचे, "उठा रे बाबांनो, झालं." मग जरा थांबायचे. आडव्या पडलेल्या माणसाला उठायला, कपडे झटकायला जेवढा वेळ लागतो तेवढंच. मग दिवे बंद, दाराला कडी, आणि सर सायकलवर टांग मारून घरी.

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी आठवीत होते. पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आले होते. मला वाटलं, पोरं अजून आत आहेत. डोकावून पाहिलं तर चिटपाखरू नाही. मी तेव्हाही तोंडाळ होते, आताही आहे, त्यामुळे सरळ विचारलं, "सर, कोणाला उठवताय?"

"ज्यांना तुम्ही पाडलं त्यांना," सर म्हणाले. "तुम्ही पाडता आणि खुशाल घरी जाता जेवायला. त्यांनी काय करायचं?"

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "क्लास बदल." पण मुलींना मनापासून शिकवणारा दुसरा क्लास तेव्हा धुळ्यात होता कुठे? आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. 

सर दिसायला अगदी साधे. बारकी अंगकाठी, तेल लावून चपट बसवलेले केस, गळ्यात बारा महिने मफलर. मूळचे पिंपळनेरकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी सुरतेला कापडाच्या कारखान्यात होते, कराटे तिथंच शिकले. लग्न केलं नाही. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय प्यायचे नाहीत. कप हातात धरून बसायचे, वर साय धरायची, मग एका घोटात संपवायचे आणि तोंड असं करायचे की औषध घेतलंय. आम्ही पोरी मागे त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यात चांगली करायचे.

ज्यांना कराटे ठाऊक नाही त्यांना आधी काता समजायला हवा. काता म्हणजे एकट्यानं करायची ठरीव लढाई. समोर कोणी नसतं. तुम्ही अडवता, मारता, वळता, पुन्हा मारता, आणि जिथून सुरुवात केली त्याच जागी येऊन कमरेतून वाकून नमस्कार करता. हे काते ओकिनावा नावाच्या बेटावरचे. त्यातले काही त्याआधी चीनमधून तिथं आले असं म्हणतात. कोणी केले, कशावरून केले, याचा धड पत्ता कोणाला नाही. जुने गुरू लपूनछपून शिकवत, कागदावर फारसं काही ठेवत नसत, त्यामुळे हालचाली राहिल्या आणि अर्थ वाटेत सांडले. ओटी भरताना नारळाची शेंडी कुठल्या बाजूला आणि का, हे आपण विचारतो का? भरतो आणि मोकळ्या होतो. तसंच ते.

सरांना मात्र अर्थाशिवाय चैन पडत नसे. त्यांचं म्हणणं असं की काता कोणी बसून रचत नाही. एका माणसावर एकदा प्रसंग ओढवला. तो त्यानं अंगात ठेवला आणि जाताना शिष्याच्या अंगात घालून गेला. "तू हलतच नाहीस," ते म्हणायचे. "समोरचा हलतो. तू फक्त उत्तर देतेस. आधी तो दिसला पाहिजे." आम्ही हेइआन, म्हणजे सुरुवातीला शिकवतात ते काते, करत असताना मध्येच थांबवून विचारायचे, केवढा आहे? डावखुरा आहे का? प्यायलाय का? सुरुवातीला आम्ही ठोकून द्यायचो. पुढं पुढं ठोकून द्यायची गरज पडेना. मला खरंच एक ठेंगणा माणूस दिसायला लागला, आणि त्याच्या डाव्या पायाला काहीतरी झालेलं होतं. मी भीत भीत सांगितलं. सर म्हणाले, "हं. तोच."

नैहांची नावाचा एक काता आहे, तो सगळा आडवा, खेकड्यासारखा. का, यावर लोक आजही भांडतात. कोणी म्हणतं पाठीशी भिंत होती, कोणी म्हणतं होडीत उभं राहून लढायचं होतं, कोणी म्हणतं शेताच्या बांधावर. सरांनी आम्हाला एका रविवारी शिंदखेड्याच्या रस्त्याला नेलं आणि कापसाच्या बांधावर करायला लावला. मग तिथल्याच पंपघराच्या भिंतीला पाठ लावून पुन्हा. निकाल लगेच दिला. "भिंत. बांधावर माणूस पायाकडं बघतो. हा बघत नाही."

आणि कांकू नावाचा आणखी एक काता. त्यात सुरुवातीलाच दोन्ही हात वर नेऊन बोटांच्या मधून आभाळ बघायचं असतं. पुस्तकांत त्याचे पाच-पन्नास अर्थ सापडतील. सर म्हणाले, "त्याला खाली बघवत नाही. म्हणून वर बघतो." इतकंच बोलून त्या दिवशी क्लास लवकर सोडला.

त्यांचा हा नाद हॉलपुरता नव्हता. बसस्टँडवर एखादी बाई दिसली की पुटपुटायचे, "हिला डावीकडून कोणीतरी ओरडतं." आणि बघावं तर ती बाई खरंच डावा खांदा उचलून चालत असायची. एकदा मलाच म्हणाले, "तुमच्या घराचं दार, आत बसलं की, उजव्या हाताला येतं. कोणीतरी ते रोज आपटतं." माझे वडील कामावरून आले की दार आपटायचे. सर आमच्या घरी कधी आलेले नव्हते. त्या दिवसापासून मी त्यांची नक्कल करायची बंद केली.

नियम दोनच, पण कडक. काता अर्धा सोडायचा नाही, आग लागली तरी नमस्कार करूनच बाहेर पडायचं. आणि कोणाचा काता झाल्यावर लगेच ती जागा ओलांडायची नाही. मी एकदा घाईत ओलांडायला गेले तर सरांनी दंड धरून मागं ओढलं. रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "तिथून नको जाऊ. तो अजून उठला नाही."

वाकण्यावरून एकदा खरा पेच झाला. माझी मैत्रीण पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्यांची मुलगी. तिचे अब्बा हातातली कात्री तशीच घेऊन हॉलवर आले. माणूस शांत, पण प्रश्न नेमका. "सर, बच्ची झुकती किसके आगे है? हमारे यहाँ सर सिर्फ एक के आगे झुकता है."

"जो गिरा, उसके आगे," सर म्हणाले. "झुकना मतलब उसको बोलना, हो गया भाई, अब उठ. बच्ची झुके बिना हाथ जोड़ ले तो भी चलेगा. पर बोलना पड़ता है."

अब्बांनी थोडा विचार केला. "और नहीं बोला तो?"

सर गळ्यातला मफलर सारखा करत फरशीकडं बघत राहिले. अब्बांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनाच समजुतीच्या सुरात म्हणाले, "ठीक है, ठीक है सर." मुलगी पुढं कित्येक वर्षं येत राहिली.

आता त्या एका कात्याबद्दल. त्यापायी सर शेवटी अन्न सोडून बसले होते.

त्याला ते 'घरचा' म्हणायचे. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या परीक्षेत नाही. जुन्या मुलांनाच शिकवायचे, तोही वर्षातून एखाद्या वेळी. सुरुवातीला उजव्या हातानं बोलवायचं, ये म्हणून. आणि हसायचं. हसणं हा त्या कात्याचा भाग होता, आम्हालाही हसायला लावायचे. मग तळहात छातीवर, हलका. पायानं पाय काढायचा. पडला. मग वळून काही पावलं जायचं, खांद्यावरून मागं खाली बघायचं, पुन्हा हसायचं. आणि डावा हात छातीपर्यंत उचलून तसाच धरून उभं राहायचं. त्या हाताचा अर्थ काय, यावर आम्ही डोकी फोडली. कोणी म्हणे मनगट पकडलंय, कोणी म्हणे कोपराचा मार अडवलाय. सर हो-नाही काहीच म्हणत नसत. हात उचललेला असतानाच काता संपायचा. मूळ जागी परतणं नाही, नमस्कार नाही.

"सर, वाकायचं?" मी विचारलं होतं.

"ह्याला नाही."

ज्या दिवशी घरचा काता व्हायचा त्या दिवशी सर दिवे मालवताना 'उठा' म्हणत नसत. कोपऱ्यातला एक दिवा चालू ठेवून जायचे. शाळेचा शिपाई विजेच्या नावानं कुरकुरायचा.

पुढं माझं लग्न झालं, शाळेत नोकरी लागली, मुलींना कराटे शिकवायला मीही लागले. सरांना लकवा झाल्याचं उडत उडत कळलं. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, त्यांना जळगावला आपल्या घरी नेलं होतं. जाऊ जाऊ म्हणत राहून गेलं. गेल्या हिवाळ्यात अक्कांचाच फोन आला. मी त्यांना कधी बघितलेलंही नव्हतं.

"तू धुळानी ती तोंडाळ पोर शे ना?" त्या अहिराणीच्या वळणानं म्हणाल्या. "तो जेवस नही. आडा पडस नही. खुर्चीवरच बठेल शे. डॉक्टर म्हणतो असं चाललं तर आठवडा काढणार नाही. तू ये एकदाव. तुला त्याचं ते नाचणं येतं ना, त्याचा शेवट करून दाखव."

मला शेवट येत नव्हता. कोणालाच येत नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली.

जळगावचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दुपारचं ऊन थेट फरशीवर आलं होतं. सर खिडकीपाशी खुर्चीत बसलेले, मफलर तोच, माणूस निम्मा. उजवी बाजू गेलेली. ते समोरच्या फरशीकडं बघत होते आणि डावा हात छातीपर्यंत उचलून धरत होते. थोडा वेळ धरला की हात खाली. मग पुन्हा, ये म्हणून बोलवणं, तेही आता डाव्याच हातानं. तोंडाच्या चालत्या अर्ध्या भागानं हसणं. पुन्हा हात वर. मी पायाशी बसले, नाव सांगितलं. मला ओळखलं त्यांनी. "तिथून नको जाऊ," म्हणाले.

स्वयंपाकघरात अक्का भरताची वांगी भाजत होत्या. मी म्हटलं, "अक्का, तो हात कशाचा आहे? आम्हाला कधी कळलंच नाही."

अक्कांनी वांगं फिरवलं. "चहाचा," त्या म्हणाल्या. "कप शे तो. मीच दिला व्हता."

मग त्यांनी सांगितलं. हात काम करत होते आणि तोंड सांगत होतं, म्हणून सांगता आलं असावं. सर, म्हणजे घरच्यांचे बापू, सुरतेहून सुटीला घरी आले होते, नवं नवं शिकलेले. सगळे अंगणात जमले, दाखव म्हणून. समोर उभा राहायला सर्वात थोरला भाऊ तयार झाला. भारी खोडकर, गावाला हसवणारा. सरांनी त्याला आधीच बजावलं, यात एक नियम असतो, पडल्यावर मी वाकून नमस्कार करेपर्यंत उठायचं नाही. भाऊ म्हणाला, नाही उठत, जा. सरांनी पाडलं. मुद्दाम हलकं पाडलं. भावाचं डोकं ओट्याच्या दगडावर आलं.

"तो पडेलच राहिना," अक्का म्हणाल्या. "आम्हाला वाटलं नाटक करी राहिना. बठ्ठा हसत व्हतात. माय हसे, शेजारीण हसे. मीबी. मी चहा आणला, बापूच्या हातात दिला. तोही हसे. म्हणे, बघा, मी वाकलो नाही म्हणून उठत नाही कसा. चहा पिऊन वाकतो." त्यांनी गॅस बंद केला. "चहा पिऊन झाला. मग माय म्हणाली, उठव रे त्याले."

अक्का वांग्याची जळकी साल सोलू लागल्या.

"त्यानंतर बापू वाकलाच नही," अक्का म्हणाल्या. "मी एकदा विचारलं तर म्हणे, अक्का, मी वाकलो नाही तोवर तो नियमानं पडलाय. वाकलो आणि उठला नाही, तर मग?"

पदरानं हात पुसत त्या बाहेर गेल्या. मी मागोमाग. एवढी वर्षं आम्ही तो काता केला होता. हसत हसत केला होता, सरांनी सांगितलं तसं. 

आणि मग मी जे केलं ते मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं. कात्याला समोरचा लागतो, तर मी होते समोरचा. मी सरांसमोर उन्हात फरशीवर आडवी झाले, डोळे मिटले. म्हटलं, सर वाकतील, मी उठेन, सुटेल माणूस.

"उठ," सर घाबऱ्या आवाजात म्हणाले. "उठ पोरी, त्याच्या अंगावर पडलीस."

मी ताडकन उठून बाजूला झाले. फरशी उन्हानं तापलेली होती. माझ्या पाठीला लागलेली जागा मात्र गार होती. नेमकी तेवढीच. मला सवय आहे चार गोष्टी वाढवून सांगायची, हे सगळ्यांना माहीत आहे. ही वाढवलेली नाही.

अक्का पुढं आल्या. त्या फरशीच्या कडेनं आल्या, जागा ओलांडली नाही. खुर्चीचा हात धरून सरांच्या पुढ्यात वाकल्या.

"बापू, तू त्याले सांगं व्हतं ना, मी वाकस तोवर उठू नको?"

सरांनी मान डोलावली.

"त्यानं कधी तुझं ऐकलं नव्हतं. आयुष्यात एकदा ऐकलं, ते हे. अजून ऐकी राहिना. इतकी वरीस दगडावर डोकं ठेवून पडेल शे, तुझ्या शब्दासाठी. तुले भ्या वाटस म्हणून त्याले निजाडी ठेवशील का?" अक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वाक, बापू. त्याले उठू दे."

 खाली रस्त्यावर केळ्यांची हातगाडी ओरडत गेली. सरांनी उचललेला डावा हात हळूहळू मांडीवर ठेवला, भरलेला कप ठेवावा तसा सांभाळून. मग ते पुढं झुकले. लकव्यानं धड वाकता येईना, एका अंगावर कलले, मी सावरायला पुढं झाले तर अक्कांनी मला अडवलं. सर जेवढं वाकता आलं तेवढे वाकले. त्यांचं कपाळ गुडघ्याला लागलं.

"ऊठ, भाऊ," ते म्हणाले.

मान वर केली तेव्हा ते फरशीकडं बघत होते. मग त्यांची नजर हलली. आधी जमिनीलगत, मग थोडी वर, मग थांबली. माणूस गुडघ्यावर हात टेकून उठताना मध्ये थांबतो तसं. मग आणखी वर, माझ्या डोक्याहूनही वर. थोरला भाऊ उंच होता, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"चहा थंडा व्हयी गया," सर त्या दिशेला म्हणाले, ओशाळून.

नजर दाराकडं सरकायला लागली. अक्का दाराच्या वाटेत उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाजूला झाल्या. मग दार उघडलं, थोडा वेळ उघडं ठेवलं, नि लावून घेतलं.

त्या दुपारी सरांनी भरीत-भाकरी खाल्ली. थोडीच, पण मागून घेतली. मग पलंगावर आडवे झाले आणि घोरायला लागले. उन्हाळा लागता लागता ते गेले, झोपेतच. अक्कांनी फोन करून सांगितलं तेव्हा मी रडले, आणि मी सहसा रडणारी नाही.

आता माझ्या वर्गात मुली घरचा काता करतात. शेवटी मूळ जागी येतात आणि वाकतात. त्या डाव्या हातात चहाचा कप आहे, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते. दिवे मालवताना मी 'उठा' म्हणते आणि जरा थांबते. मुली एकमेकींना कोपरानं ढोसतात, त्यांच्यातली एक माझी नक्कल करते हेही मला माहीत आहे.

जळगावची ही गोष्ट मी खूप जणांना सांगितली आहे. अक्का दारातून बाजूला झाल्या, इथं आले की ऐकणारे म्हणतात, म्हातारी बाई, भावाच्या समाधानासाठी सरली असेल. असेलही. मी वाद घालत नाही. पण त्या वेळी मीही सरले होते. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, माझ्या ड्रेसच्या पाठीला पार खांद्यापर्यंत चुना लागला होता. मी नैहांचीतल्यासारखी भिंतीला इतकी चिकटून उभी होते, आणि पायाकडं एकदाही बघितलं नव्हतं.